लाल गहू, रद्दी आणि विद्यापीठांची पुस्तकं



आपल्यावर पुस्तकं फार निघायला लागली आहेत. आपण लिहिलेली नव्हेत, आपल्यावर लिहिलेली. कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड, वॉशिंग्टन, केंब्रिज. जिथं आपल्यातला एखाददुसरा सोडला तर कुणाची चप्पल वाजली नाही, तिथल्या विद्यापीठांच्या छापखान्यांतून महारवाडा, चाळ, तमाशा, नामांतर, गिरणी हे विषय जाड पुठ्ठ्यात बांधून बाहेर पडतायत. आपल्यातल्या काहींना त्याचा भारी अभिमान वाटतो. काहींना राग येतो. आपलं दुःख विकून हे लोक प्रोफेसर झाले म्हणतात. मला दोन्ही पुरतं पटत नाही. अभिमान धरा नाहीतर राग धरा, त्याआधी एक साधा प्रश्न विचारा. ही पुस्तकं उभी राहिली कशाच्या जोरावर? कच्चा माल आला कुठून? गिरणीत राबणाऱ्या माणसाला हाच प्रश्न आधी सुचतो. ताग्यावर शिक्का कुणाचा का असेना, कापूस कुठला ते आम्ही विचारतो.

विद्यापीठाचा छापखाना म्हणजे लग्नपत्रिकेचा प्रेस नव्हे. तिथं हस्तलिखित गेलं की त्या विषयातली दोनतीन जाणती माणसं ते आधी वाचतात, शंका काढतात, कान धरतात. मग छपाई. प्रत्येक विधानाखाली तळटीप लागते. हे कुठल्या कागदावर आहे, तो कागद कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या पेटीत आहे ते सांगावं लागतं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं चालतं, पण ते कुणी, कधी, कुठं ऐकलं याची नोंद पाहिजे. प्रती थोड्या, किंमत जबर, गिऱ्हाईक मुख्यतः ग्रंथालयं. म्हणून असलं पुस्तक आपल्या हातात सहसा झेरॉक्स होऊन येतं. मीही तसंच वाचतो, शेजारी डिक्शनरी ठेवून, पाळी नसेल त्या दिवशी.

असल्या पुस्तकाचं वजन काय असतं ते गिरणीच्याच उदाहरणानं सांगतो.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साळखात्यात साच्यावर उभं करत नसत. का? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचं. एका साच्यावरचा धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. आपली थुंकी सवर्ण विणकराच्या तोंडात जाणार! धर्म बुडाला! म्हणून आपला माणूस कताईत, रिंग खात्यात, झाडलोटीत आणि ओझी वाहायला. साच्यावरच्या विणकराचा पगार बरा, रिंगवाल्याचा कमी. म्हणजे विटाळ नुसता देवळात आणि पाणवठ्यावर नव्हता, तो पगाराच्या पाकिटातही होता. वाफेचं इंजिन आलं, वीज आली, तरी विटाळाची पाळी काही सुटली नाही.

१९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. मालकाकडं मागण्या मागता, मग आपल्याच कामगार भावाला साळखात्यात येऊ देणार का ते आधी सांगा. पुढं १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला. त्यावरून 'आंबेडकर कामगारविरोधी' हे तुणतुणं किती वर्षं वाजलं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या घरात आज्या-पणज्यापासून ही थुंकीची गोष्ट चालत आली. पण आपण सभेत सांगितली की पांढरपेशे कॉम्रेड म्हणायचे, जातीचं रडगाणं मध्ये आणू नका, वर्गाची एकजूट फुटते.

आता हीच गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत आहे. राजनारायण चंदावरकरांचं मुंबईच्या गिरणी धंद्यावरचं जाड पुस्तक केंब्रिजनं १९९४ साली काढलं. जुनेद शेख यांचं 'आउटकास्ट बॉम्बे' वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रेसनं २०२१ साली काढलं. शेख तर गिरणी, बीडीडी चाळी, झोपडपट्टी, मराठीत आलेला मार्क्स आणि दलित साहित्य हे सगळं एका दोरीत ओवतात. शहर बांधताना जात कशी विटेविटेत बसवली ते दाखवतात. बीडीडी म्हणजे १९२० साली सरकारनं काढलेलं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथल्या त्याच्या चाळी आपल्या चळवळीची गावठाणं झाली. १९७४ साली वरळी पेटली ती याच चाळींत, आणि भागवत जाधव याच लढ्यात गेला.

आपण बोललो तेव्हा ते रडगाणं होतं, केंब्रिजनं छापलं की तो इतिहास झाला. राग यायचाच असेल तर तो इथं यावा. पण राग संपल्यावर हेही बघा की त्या लेखकांनी ही गोष्ट स्वप्नात पाहिली नाही. तिचा कागद सापडला म्हणून ती लिहिता आली. 'बहिष्कृत भारत'चे अंक, संपाच्या वेळची कागदपत्रं, सरकारी चौकश्यांचे अहवाल. कागद नसता तर आजही ते रडगाणंच राहिलं असतं.

आपल्या लोकांनी कागद कमी केला असं कुणी म्हणू नये. जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ ची, अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलेली. नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु' चालवत होते, १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. गोपाळबाबा वलंगकरांचं 'विटाळ विध्वंसन' १८८८ चं; लष्करातून पेन्शनीत आलेला माणूस धर्ममार्तंडांना लेखी प्रश्न विचारत होता. शिवराम जानबा कांबळ्यांचं 'सोमवंशीय मित्र' १९०८ चं. मग 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२०, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७, 'जनता' १९३०, 'प्रबुद्ध भारत' १९५६. पुढं १९६७ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून 'अस्मिता' निघालं, त्याचंच 'अस्मितादर्श' झालं, गंगाधर पानतावण्यांनी ते जन्मभर चालवलं. मुंबईत राजा ढाले, नामदेव ढसाळ आणि त्यांच्या मित्रांची अनियतकालिकं. कुठं पैसे संपले म्हणून बंद, कुठं संपादक जेलात गेला म्हणून बंद. लिहिणं थांबलं नाही. राखणं मात्र जमलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात, तिथं अंक ठेवायचा कुठं? पावसाळ्यात छप्पर गळतं तेव्हा आधी पीठ वाचवायचं की 'जनता'चा गठ्ठा?

मग हा कागद राहिला कुठं? याचं एक उत्तर ऐकून मी चाट पडलो.

१९५४ साली अमेरिकेत एक कायदा झाला, पब्लिक लॉ ४८०. जुनी माणसं त्याला 'पीएल चारशे ऐंशी' म्हणायची. तिकडं गहू उदंड, इकडं टंचाई. तो गहू इथं रेशनवर यायचा. 'लाल गहू' म्हणून म्हाताऱ्या बायका अजून नाक मुरडतात. त्याचे पैसे आपलं सरकार डॉलरात नव्हे, रुपयांत भरायचं. ते रुपये इथंच अमेरिकेच्या खात्यावर साचत गेले. पुढं ठरलं की त्यातल्या काही रुपयांची पुस्तकं घ्यायची. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं ऑफिस भारतीय भाषांतली पुस्तकं आणि नियतकालिकं विकत घेऊन तिकडच्या निवडक विद्यापीठांना बोटीनं पाठवायला लागलं. त्यात मराठीही होतं. त्या फळ्यांच्या आधारानं तिकडं आपल्या भागाचा अभ्यास करणारे विभाग वाढले.

हिशेब बघा. रेशनच्या रांगेत आपल्या आज्या-पणज्या पिशवी घेऊन उभ्या. त्यांनी लाल गव्हाचे पैसे मोजले. ते सरकारमार्गे अमेरिकेच्या खात्यात गेले. त्या खात्यातून मराठी पुस्तक विकत घेतलं गेलं आणि शिकागो, कॅलिफोर्नियाच्या फळीवर थंड हवेत जाऊन बसलं. तिथं वाळवी नाही, गळकं छप्पर नाही. म्हणजे त्या फळ्यांमध्ये आपल्या भुकेचाही वाटा आहे. हे मी भीक मागायला सांगत नाही, हक्क सांगायला सांगतो.

फळीवरच्या कागदानं सगळं भागलं नाही. काही माणसं इथं आली, आपल्या घरांत बसली, चहा प्यायली. एलिनॉर झेलियट बाईंनी आंबेडकरी चळवळीवरचा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ साली पुरा केला, तेव्हा आपल्याकडची विद्यापीठं या विषयाकडं बोट दाखवायलाही तयार नव्हती. गेल ऑमव्हेट बाईंनी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर कॅलिफोर्नियात १९७३ साली प्रबंध केला, आणि मग सांगली जिल्ह्यात कासेगावला येऊन राहिल्या, इथल्याच नागरिक झाल्या, २०२१ साली इथंच गेल्या. त्यांचं ते पुस्तक मराठीतही आलं. रोझॅलिंड ओ'हॅनलन यांचं जोतीरावांवरचं पुस्तक केंब्रिजनं १९८५ साली काढलं. अनुपमा राव यांचं 'द कास्ट क्वेश्चन' कॅलिफोर्नियानं २००९ साली काढलं. त्यात परभणी जिल्ह्यातल्या पिंप्री देशमुख गावी १९९१ साली झालेल्या एका कोतवालाच्या खुनावर अख्खं प्रकरण आहे. ज्या खुनावर पेपरात चार ओळी येतात, त्यावर प्रकरण! कायद्यानं 'अत्याचार' हा शब्द दिला, पण माणूस मेला त्याची जात कोर्टात सिद्ध कशी होते, कुठं निसटते, ते बाईंनी कागदपत्रांतून उकलून दाखवलं आहे. खटले लढवणाऱ्या आपल्या पोरांनी ते वाचायला हवं. वाचणार कसं? ते इंग्रजीत आहे.

आता आपल्या या चक्रमुद्रित अंकांच्या भावकीचं ऐका. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक काढलं, तेही सायक्लोस्टाईल करूनच. साठोत्तरी काळातल्या असल्या सगळ्या धडपडीवर अंजली नेर्लेकर यांचं 'बॉम्बे मॉडर्न' हे पुस्तक नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रेसनं २०१६ साली काढलं. आणि मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आज अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. चांगलं झालं. पण जरा कल्पना करा. स्टेन्सिल इथं कापली, शाई इथं हाताला लागली, पोलिसांनी अंक इथं उचलून नेले. आणि कवितेचा मूळ कागद बघायचा तर व्हिसा पाहिजे.

या सगळ्यांत एक पुस्तक वेगळं आहे आणि त्याबद्दल अभिमान धरायला मीही तयार आहे. शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट'. स्टॅनफर्डनं २०२२ साली काढलं. बाई पुण्यात येरवड्याच्या वस्तीत वाढल्या, आज अमेरिकेत सिनसिनाटीला इतिहास शिकवतात. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ती मिळवणारी दलितांतली ही पहिली व्यक्ती. पुस्तक आहे तमाशावर, तमाशातल्या दलित बाईवर. 'अश्लील', 'मनुस्की', 'असली' हे आपले शब्द त्यांनी इंग्रजीत तसेच ठेवले, त्यांच्यावरच अख्खी मांडणी उभी केली.

हे पुस्तक आपल्यालाही सोडत नाही. हिवरगावची पवळा आणि पठ्ठे बापूराव यांची जोडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत. बापूराव जन्मानं कुलकर्णी, पवळा आपली. बापूरावांची लावणी कागदावर उतरली, पवळेचा गळा कागदावर उतरला नाही. चळवळीनं तमाशाकडं पाठ फिरवली आणि जलसा उभा केला, भीमराव कर्डकांसारखे शाहीर गावोगाव फिरले. बाबासाहेबांनी तमाशाचा पैसा नाकारला, ही हकीकत आपण मोठ्या मानानं सांगतो. ते बरोबरच होतं. सवर्णांनी आपल्या बाईला बोर्डावर नाचवून वर तिलाच अश्लील म्हणायचं, हा धंदा मोडायलाच हवा होता. पण जी बाई फडातच राहिली, पोट दुसरीकडं नव्हतं म्हणून राहिली, तिच्याकडं आपण कसं पाहिलं? तिला आपल्या जयंतीत जागा होती का? पाईक हा प्रश्न मांडतात. बाहेरच्या कुणी मांडला असता तर आपण अंगावर गेलो असतो. आपल्या घरातल्या बाईनं मांडला, आता खाली मान घालून ऐकावं लागतं. कच्चा माल आपला आणि विणकरही आपला, असं झालं की पुस्तक असं होतं. साळखात्याचं दार एकदाचं आतून उघडलं.

मग आपलं घोडं अडलं कुठं? कागद परत येण्यात.

परत येतो तेव्हा काय होतं ते आपण पाहिलं आहे. जोतीरावांचं समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं १९६९ साली काढलं. बाबासाहेबांची न छापलेली हस्तलिखितं त्यांच्या मागं वर्षानुवर्षं पेट्यांत पडून होती. वसंत मून या नागपूरच्या माणसानं त्यांचा पिच्छा पुरवला आणि १४ एप्रिल १९७९ ला समग्र लेखनाचा पहिला खंड निघाला. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक १९९० साली पुन्हा छापून आले. स्वस्तात. हमाल, रिक्षावाला, बिगारी सगळ्यांनी रांगा लावून खंड घेतले. १९८८ साली 'रिडल्स'वरून मुंबईत लाखो माणसं रस्त्यावर आली, ती एका पुस्तकाच्या एका परिशिष्टासाठी! जगात असा समाज दाखवा. आणि त्याच महाराष्ट्रात पुढं खंडांची छपाई रखडली. सुमारे साडेपाच कोटींचा कागद घेऊन तो पडून राहिला, आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोरा कागद गोदामात, वाचणारा दारात.

सरकारला शिव्या घालून झाल्या की आपल्या दाराकडं या. आमचं मोहने घ्या. कल्याणच्या पुढं शहाड, मग आंबिवली, तिथून उल्हास नदीच्या अंगाला हे गाव. इथं नॅशनल रेयॉनचा कारखाना आला. लोक नुसतं एनआरसी म्हणतात. देशावरून, खानदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून माणसं आली. वसाहत झाली, जयंत्या सुरू झाल्या, गायन पार्ट्या झाल्या. २००९ साली कारखाना बंद पडला आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगारांची लढाई वर्षानुवर्षं चालली.

उद्या कुणी अभ्यासक मोहन्यावर पुस्तक लिहायला आला तर त्याला काय सापडेल? ताळेबंद सापडेल. कोर्टातले अर्ज सापडतील. जमिनीचे नकाशे सापडतील. कारण कंपनीचा आणि कोर्टाचा कागद राखायला कायदा आहे, नोकर आहेत, कपाटं आहेत. कामगाराचा कागद राखायला कोण? पगाराची चिठ्ठी, गेटपास, युनियनचं पत्रक, संपातली वर्गणीची पावती, जयंतीची कार्यक्रमपत्रिका, धम्मदीक्षेचा फोटो. घरं रिकामी होतात तेव्हा हे सगळं भांड्यांच्या खोक्याखाली अंथरलं जातं, नाहीतर काट्यावर जातं. रद्दीवाल्याच्या गाडीवर एका गायन पार्टीची हातानं लिहिलेली वही मी पाहिली आहे. वर गाणाऱ्यांची नावं, बाजूला पेटी कोण आणि ढोलकी कोण. इंग्रजी पेपरात गुंडाळलेली, किलोवर विकलेली. ती वही एखाद्या विद्यापीठाच्या हाती लागली असती तर तिच्यावर प्रकरण झालं असतं.

आणि कागद कंपनीचाच उरला तर पुस्तकही कंपनीच्याच डोळ्यानं लिहिलं जाईल. लिहिणारा कितीही भला असो. साळखात्याची गोष्ट टिकली कारण बाबासाहेबांनी ती छापून ठेवली. आपल्या वेळची साळखाती कुठली, ठेकेदाराच्या हजेरीबुकात कुणाचं नाव कायम होत नाही, गटारात कोण उतरतो, हे आपण लिहून तारीख घालून ठेवलं नाही तर शंभर वर्षांनी ते पुन्हा रडगाणंच ठरेल.

म्हणून चार कामं सांगतो. भाषण नको, कामं.

एक. घरातल्या प्रत्येक जुन्या कागदावर मागच्या बाजूला पेन्सिलीनं वर्ष, गाव आणि तो कुणाचा ते लिहा. तारीख नसलेला कागद निम्मा मेलेला असतो.

दोन. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डांबराची गोळी टाकून, जमिनीपासून उंच ठेवा. मोबाईलवर फोटो काढाच, पण फोटो काढला म्हणून मूळ फेकू नका. मोबाईल दोन वर्षं टिकतो, 'बहिष्कृत भारत' शंभर वर्षं टिकला.

तीन. अभ्यासक आला, देशी असो की परदेशी, तर त्याला बसवा, चहा द्या, सगळं सांगा. झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. त्याच्याकडून लिहून घ्या की पुस्तक निघालं की एक प्रत वस्तीच्या वाचनालयाला येईल, आणि आपल्या भागाचं प्रकरण मराठीत करायला तो परवानगी देईल. यात लाजण्यासारखं काही नाही. माल दिला की पावती घ्यायची असते.

चार. आपल्यात आता इंग्रजी शिकलेली पोरं-पोरी आहेत. त्यांनी अख्ख्या पुस्तकाचं भाषांतर करायची वाट बघू नये. रविवारी विहारात एक प्रकरण वाचावं आणि आपल्या बोलीत सांगावं. ऐकणाऱ्यांत एखादा म्हातारा उठून म्हणेल, हे चुकीचं लिहिलंय, मी तिथं होतो. ते म्हणणं त्याच दिवशी उतरवून घ्या, त्याची सही घ्या. पुढच्या पुस्तकाची तळटीप ती.

मोहने, आंबिवली, शहाड, अटाळी या पट्ट्यात ज्यांच्याकडं २००९ च्या आधीचा असा एखादा कागद, वही, पावती, पत्रक असेल त्यांनी संपादकांना कळवावं. आम्ही घरी येऊन उतरवून घेऊ, कागद तुमच्याकडंच राहील. पुढच्या अंकात त्याची स्टेन्सिल कापू.

जय भीम.